स्टोनी फोर्कच्या लिलावात माझी हॅट

डॉ. मेल्टन यांची मोटार (मागची बैठक),
लॅथम यांच्या कुंपणाबाहेर,
ऑक्टोबरमधला शेवटचा रविवार, दुपार.

तीर्थस्वरूप ओलेटा आत्यांना एल्डनचा नमस्कार.

तुमचे गुडघे, तुमच्या कोंबड्या आणि तुमचा डावा जबडा हे सर्व सुखरूप असेल अशी आशा करतो. गुडघ्यांना टर्पेंटाइन चोळणे चालू आहे ना? ती लंगडी कोंबडी अजून अंडी देते का, की रविवारी ताटात आली? जबड्याची चौकशी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. त्याचे कारण पुढे येईल. माझी प्रकृती ठीक आहे, भूक आहे, झोप मात्र नाही. हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण लेस्टर काका म्हणत असत की पुतण्यांची पत्रे शेवटापासून वाचावीत. तसे करू नका, सुरुवातीपासूनच वाचा.

मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते की मला नोकरी काय लागली आहे आणि ती सन्मानाची आहे ना. मी डॉ. होबार्ट मेल्टन यांची मोटार चालवतो आणि त्यांची पत्रे लिहितो. ते आपल्या मिसुरी राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी उभे आहेत. (हा शब्द त्यांच्या पहिल्या पाट्यांवर तीन प्रकारे लिहिलेला होता. मी तसे पत्राने कळवले, म्हणून तर त्यांनी मला बोलावून घेतले. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला शब्दकोशाने यापेक्षा जास्त काय द्यावे?) आता तुम्ही विचाराल, हा लेफ्टनंट गव्हर्नर करतो काय? आत्या, हाच प्रश्न आम्हाला गावोगावी विचारतात आणि डॉक्टर दर वेळी खरोखर विचारात पडतात. मी नियम वाचले आहेत. गव्हर्नर राज्याबाहेर गेले, आजारी पडले किंवा वारले, तर हा माणूस त्यांच्या जागी बसतो. एरवी तो सिनेटमध्ये उंच खुर्चीवर बसून लाकडी हातोडी आपटतो. म्हणजे दुसऱ्याच्या प्रकृतीची रोज चौकशी करायची आणि ती उत्तम आहे असे कळल्यावर आनंद झाल्यासारखे दाखवायचे, असे ते काम आहे. त्या कामासाठी दोन भले गृहस्थ उन्हाळ्यापासून धूळ खात राज्यभर हिंडत आहेत आणि दुसरा निवडून आला तर राज्य बुडेल असे एकमेकांबद्दल सांगत आहेत.

डॉक्टर मेल्टन तुम्हाला माहीत आहेत, निदान तुमच्या जबड्याला माहीत आहेत. तीस वर्षे त्यांनी या डोंगरातले दात काढले. अजूनही ते हात मिळवायला पुढे झाले की निम्मे मतदार आपोआप तोंड उघडतात, आणि डॉक्टरही सवयीने आत डोकावतात. त्यांना हे पद हवे होते असे मला वाटत नाही. पक्षाच्या मंडळींना मतपत्रिकेवर त्या जागेपुढे कोणाचे तरी नाव हवे होते, आणि सभेला डॉक्टर उशिरा पोहोचले, एवढेच घडले. पत्नी गेल्यापासून ते हॉटेलात जेवतात, विचार करताना उजव्या अंगठ्यावरचा एक जुना वण चोळत बसतात, आणि त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. (दात कोरायच्या यंत्राशेजारी तीस वर्षे तो कान होता.) सभेत कोणी त्यांचे नाव घेतले, देणगी मागितली, हात वर करायला सांगितले, तर त्यांना पत्ता लागत नाही. म्हणून मी एक पद्धत बसवली. मी मागच्या भिंतीशी उभे राहायचे, आणि मी हॅट काढली की डॉक्टरांनी हात वर करायचा. मी हॅट घातली की खाली घ्यायचा. कशासाठी, हे त्यांनी विचारायचे नाही.

ही पद्धत धान्याच्या गोदामात आणि जनावरांच्या बाजारात उत्तम चालली. मग आम्ही एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये गेलो. चर्चमध्ये शिरताना मी अर्थातच हॅट काढली. (तुम्हीच लहानपणी माझ्या डोक्यात हे बसवले आहे, तेही लाकडी डावाने.) डॉक्टरांनी हात वर केला आणि संपूर्ण प्रवचनभर वर ठेवला. पाद्रीबाबांनी असा पश्चात्ताप पूर्वी कधी पाहिला नव्हता. दुपारी डॉक्टरांना ओढ्यावर नेऊन बाप्तिस्म्यासाठी अंगावरच्या सुटासकट पाण्यात बुडवण्यात आले. त्या दिवशी आम्हाला बॅप्टिस्टांची मते मिळाली आणि डॉक्टर जन्मापासून ज्यांच्यात होते त्या मेथडिस्टांची गेली. वाटेत ओल्या कपड्यांत ते मला एवढेच म्हणाले, "एल्डन, पाणी फार गार होतं रे." तेव्हा मी मनाशी नियम केला की चर्चमध्ये खुणा बंद. बाकी सगळीकडे चालू. आत्या, माणूस एक भोक बुजवून घराची काळजी संपली असे समजतो, तसे माझे झाले.

आता आयव्हीबद्दल लिहितो. (तुम्ही भुवया उंचावल्या असतील. कृपया खाली घ्या.) आयव्ही ही स्टोनी फोर्कच्या सायलस लॅथम यांची धाकटी मुलगी. गेल्या वर्षी शाळेतल्या पाईच्या लिलावात मी तिच्या पाईचे खोके घ्यायला उभा राहिलो होतो, पण दर बोलीला खिशात किती उरतील याचा हिशेब करत बसलो, तेवढ्यात एका पशुवैद्याने ते उचलले. या वर्षी तिने मला कुंपणापाशी गाठून बजावले, "हे बघ एल्डन, मी तुला खोक्याची खूण सांगत नाहीये, ते रीतीला धरून नाही. पण निळा कागद कुठं दिसला आणि त्यावर मक्याच्या सालीचं फूल दिसलं, तर डोकं वापर. या वेळी ते दुसऱ्या कोणी नेलं ना, तर मी समजेन तुझं उत्तर मिळालं. मग तू मला निवडणुकीनंतर विचारणार होतास ते विचारूच नकोस." मी निवडणुकीनंतर विचारणार होतो हे तिला कसे कळले, मला माहीत नाही. मी अजून कोणालाच सांगितले नव्हते.

लिलाव तुमच्या वेळेसारखाच अजून आहे. शाळेच्या नव्या शेगडीसाठी पैसे जमवायचे, बायकांनी फळे भरलेली पाई भाजून सजवलेल्या खोक्यात झाकून आणायची, पुरुषांनी बोली लावायची, आणि ज्याने खोके घेतले त्याने ते करणारीच्या शेजारी बसून खायचे. एका माणसाला एकच खोके. हॅट घालून बोली लावणारा नुसता भाव चढवतो आणि हॅट काढून बोली लावणारा मनापासून लावतो, हेही तसेच. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसासाठी मात्र एक पक्का नियम आहे, की त्याने जमलेल्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचे खोके घ्यावे. त्यात कोणाचा नवरा, भाऊ किंवा बाप दुखावत नाही. मी आधी जाऊन सगळी चौकशी केली होती. टॅबिथा आजी साइक्स, वय अठ्ठ्याऐंशी, खोक्याला तपकिरी कागद. ते पुढे आले की मी हॅट काढणार, डॉक्टर हात वर करणार. आयव्हीचे निळे खोके आले की मी हॅट काढून बोली लावणार. ही दोन्ही वाक्ये मी मनात कितीदा घोळवली असतील! ती एकमेकांशेजारी ठेवून मात्र एकदाही पाहिली नाहीत.

त्या संध्याकाळी शाळेत डॉक्टर मानाचे पाहुणे म्हणून फळ्याखाली बसले होते, हॅट रीतसर मांडीवर. लिलाव पुकारायला कर्नल फेनर होते. (ते कधी सैन्यात नव्हते. लिलाव करणाऱ्याला आपल्याकडे कर्नलच म्हणतात, आणि खऱ्या कर्नलपेक्षा लोक त्याचे जास्त ऐकतात.) तिसरेच खोके निळे निघाले. मी हॅट काढून म्हणालो, "एक डॉलर!" फळ्याखाली डॉक्टरांचा हात वर गेला. कर्नल आनंदाने ओरडले, "दोन, डॉक्टरसाहेबांचे!" मी म्हणालो तीन. हॅट माझ्या हातातच होती, त्यामुळे डॉक्टरांचा हातही वरच होता. चार. डॉक्टरांचा हात खाली यावा म्हणून मी घाईने हॅट डोक्यावर ठेवली. तो आला, पण सगळी शाळा एका आवाजात ओरडली, "अरे, एल्डनने माघार घेतली!" आणि आयव्हीने पहिल्या बाकावरून वळून माझ्याकडे असे पाहिले की मी हॅट पुन्हा काढली. डॉक्टरांचा हात वर. आत्या, पुढचा सगळा वेळ मी माझ्याच हॅटविरुद्ध बोली लावत होतो. हॅट घातली की मुलगी जाते, काढली की डॉक्टर वाढवतात. लोक बाकांवर चढले. त्यांना वाटले, एका मुलीवरून मालक आणि ड्रायव्हर भिडले आहेत, आणि मालक तर विधुर, उघड्या डोक्याने बसलेला, चेहऱ्यावर शांत हसू! मागून कोणी तरी म्हणाले, "म्हाताऱ्यात दम आहे गड्या, मत द्यायला हरकत नाही." माझ्या खिशातले संपले तेव्हा मी हॅट छातीशी धरून उभा होतो आणि डॉक्टरांचा हात स्थिर होता. त्या पैशांत शेगडी तर आलीच, शाळेचे छपरही येईल असे मास्तरांनी लगेच जाहीर केले.

डॉक्टर आयव्हीशेजारी जाऊन बसले. त्याआधी मागच्या भिंतीपर्यंत येऊन माझ्या खांद्यावर वाकून (डाव्या कानाने माझे उत्तर ऐकता यावे म्हणून मान वाकडी करून) कुजबुजले, "एल्डन, अठ्ठ्याऐंशी वाटत नाही रे ही." मी भिंतीशी हॅट हातात धरूनच उभा राहिलो, कारण आता तिचे काय करायचे हे मला सुचेना. इतक्यात तपकिरी कागदाचे खोके पुढे आले. डॉक्टरांना आता दुसरे घेता येत नव्हते. बाकीचे पुरुष सावध होते, कारण टॅबिथा आजी साखरेच्या जागी मीठ घालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कर्नल फेनरनी चौफेर पाहिले. सबंध शाळेत हॅट काढून उभा असलेला इसम मीच होतो. "मनापासून!" असे म्हणून त्यांनी हातोडी आपटली. मी पैसे नसल्याचे सांगितले, तर ते म्हणाले, "प्रेमात उधार चालतं." टॅबिथा आजींनी मला शेजारी बसवून घेतले, माझा गुडघा थोपटला आणि म्हणाल्या, "मी नाही म्हणत नाहीये बाळा, पण आधी माझ्या मुलाला विचार. तो सत्तर वर्षांचा आहे, जरा तापट आहे." मी ती पाई संपूर्ण खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.

एवढ्यावर भागले असते तर मी तुम्हाला पत्र लिहिले नसते. पण शेवटी लोणच्याची बरणी आली. शाळेतल्या सगळ्यांत प्रेमात बुडालेल्या जोडप्याला काकडीच्या लोणच्याची बरणी द्यायची, आणि एका सेंटला एक मत, ज्याला जितकी हवीत तितकी. कर्नलनी दोन जोड्या पुकारल्या. एक डॉक्टर आणि आयव्ही, दुसरी मी आणि टॅबिथा आजी. कोणत्याही शर्यतीत डॉक्टरांचे नाव ऐकले की आमच्या पक्षाच्या लोकांना राहवत नाही. ते उठून मते घेऊ लागले. ते पाहून समोरच्या पक्षाचे लोक उठले. डॉक्टरांना कशात तरी हरवायची संधी त्यांना हवीच होती, म्हणून त्यांनी माझ्या आणि टॅबिथा आजींच्या प्रेमावर खिसे रिकामे केले. दोन्ही बाजूंनी घोषणा झाल्या. एकाने मतमोजणीवर संशय घेतला. सायलस लॅथम यांनी तर गोठ्याच्या रंगासाठी ठेवलेले पैसे डॉक्टर आणि आयव्हीच्या जोडीवर ओतले. डॉक्टर बरणी जिंकले. (टॅबिथा आजी म्हणाल्या, निवडणुकीत गडबड झाली आहे.) विकत घेतलेल्या मतांची ही एकच निवडणूक मी अशी पाहिली, जिच्यात ती गोष्ट लपवावी असे कोणालाच वाटत नव्हते.

तेव्हापासून परिस्थिती अशी आहे. आमच्या पक्षाच्या समितीने कळवले आहे की स्टोनी फोर्कची सगळी मते सायलस लॅथम यांच्या शब्दावर जातात, तेव्हा मतदानापर्यंत डॉक्टरांनी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जावे आणि काहीही नाकारू नये. डॉक्टरांना हे प्रचाराचे काम वाटते. मी त्यांना आणतो आणि मोटारीत बसतो. मागच्या रविवारी सायलस माझ्यासाठी तळलेल्या कोंबडीची तंगडी घेऊन बाहेर आले आणि अगदी मायेने म्हणाले, "तू वाईट होतास असं नाही रे एल्डन. पण मला सांग, उद्या गव्हर्नर आजारी पडले तर डॉक्टर काय होतील?" मी म्हणालो, गव्हर्नर. "आणि तू?" मी विचार करून म्हणालो, "गव्हर्नरांचा ड्रायव्हर." "बघ," ते म्हणाले, आणि तंगडी देऊन आत गेले.

आयव्हीला मी सगळे नीट समजावून सांगितले, हॅटसकट. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे दोन पुरुषांत मिळून एक हॅट, आणि तीही तुला सांभाळता येत नाही." ती हसली असे मला वाटले, पण खात्री नाही. तिने शेवटची संधी दिली आहे. मतदानाआधीच्या शुक्रवारी बार्लोच्या शाळेत वर्षातला अखेरचा पाईचा लिलाव आहे. तिथे सगळ्यांसमोर, तिच्या वडिलांसमोर, मी तिचे खोके घ्यायचे. नाही घेतले तर ती डॉक्टरांना हो म्हणेल. डॉक्टरांनी विचारलेले नाही, पण तो मुद्दा तिने सोडून दिला. मी समितीला विचारले की डॉक्टर त्या दिवशी गप्प बसतील का. उत्तर आले की जिच्यासोबत लोणच्याची बरणी जिंकली तिच्या खोक्यावर बोली लावली नाही, तर लॅथम तो अपमान समजतील आणि मते जातील. बोली लावली तर आयव्ही जाते. डॉक्टरांचे पद गेले तर माझी नोकरीही जाते, पण खरे सांगतो, त्यासाठी माझी झोप उडालेली नाही.

आता येताना डॉक्टर मला वाटेत म्हणाले, "एल्डन, ही पोरगी माझ्याकडे असं का बघते, जणू मी तिची चांगली दाढ काढायला निघालोय?" मग अंगठा चोळत म्हणाले की आपल्या वयाचे कोणी समोर बसून जेवल्याला फार दिवस झाले. आत जेवण चालू आहे. खिडकीतून मला आयव्हीची पाठ दिसते आहे आणि तिच्या पाठीला मी दिसत असावा, कारण ती मुद्दाम वळत नाही.

असे आहे सगळे. कोंबड्यांना आणि शेजारच्या हॅटी काकूंना माझा नमस्कार सांगा. उत्तराची घाई नाही.

तुमचा आज्ञाधारक,
एल्डन प्रूइट

ता. क. उत्तराची घाई आहे. शुक्रवारी तुम्ही बार्लोच्या शाळेत याल का? तुमची गूजबेरीची पाई घेऊन? मी मोटार घेऊन चारला दारात उभा असेन. गुडघ्यांसाठी उशी ठेवली आहे.

आणखी ता. क. एका माणसाला एकच खोके, हा नियम तुम्हाला आठवतो ना? ज्याने एक घेतले त्याला पुढे बोली लावता येत नाही, आणि आपल्या वयाच्या, मान्यवर, विधवा बाईचे खोके घेतल्याबद्दल कोणताही लॅथम कोणाला दोष देऊ शकत नाही. कर्नल फेनर तुमचे खोके सर्वांत आधी काढायला तयार आहेत. त्यांनी कारण विचारले नाही, फक्त पाईचा एक तुकडा मागितला.

आणखी एक. जबड्याबद्दल. डॉक्टरांच्या अंगठ्यावरचा वण तुमचा आहे. आज मी सहज विचारले तेव्हा म्हणाले की तीस वर्षांत हजारो दाढा काढल्या, पण चावली एकच बाई. चुकीची दाढ काढली हे त्यांना त्याच संध्याकाळी कळले होते. माफी मागायला ते दोनदा तुमच्या फाटकापर्यंत आले आणि परत गेले. त्यांनी विचारले, तुमच्या मनात राग अजून असेल का? मी म्हणालो, मुळीच नाही. (या पत्रातली एवढीच गोष्ट मी खात्री करून न घेता सांगितली आहे.)

लेस्टर काकांच्या तसबिरीखाली त्यांच्या, म्हणजे समोरच्या, पक्षाचा बिल्ला अजून लटकतो हे मी विसरलेलो नाही. मत कोणाला द्यायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. डॉक्टरही त्याबद्दल विचारणार नाहीत, त्यांना ऐकूच येणार नाही.

खोक्याला कोणत्याही रंगाचा कागद लावा. मी हॅट काढीन.